आप्पांना एक तास बसवायचं आहे

खुर्ची दारातून आत जात नव्हती. घेऊन आलेल्या दोघांनी ती आडवी करून पाहिली, उभी करून पाहिली, मग जिन्यात टेकवून दोघेही तिच्याकडे असे बघत राहिले, जणू सगळी चूक तिचीच होती. आणि आप्पा त्यांच्या पायांत पायांत करत सारखे आत-बाहेर करत होते.

"आप्पा, तुम्ही जरा एका जागी बसा ना," सून म्हणाली.

"बसायची वस्तू बाहेर अडकली आहे," आप्पा म्हणाले आणि आत जाऊन पाना-पकड घेऊन आले.

आप्पांनी उभा जन्म शहरातली बस चालवली होती. जे मापात मावत नाही ते ढकलूनही मावत नाही, हे त्यांना ठाऊक होतं. त्यांनी दारच बिजागऱ्यांपासून काढलं. खुर्ची आत आली. दार मात्र परत बसेना. सुतार उद्या येतो म्हणाला, म्हणजे तो येणार नव्हता. दार भिंतीला टेकून राहिलं, आणि जिन्यातून येणारा-जाणारा प्रत्येक जण हॉलमध्ये डोकावून "वा, मोठी आहे हो" असं म्हणून जाऊ लागला.

मोठी होतीच ती. एक बटण दाबलं की पाठ मागे जायची आणि पाय वर यायचे. दुसरं दाबलं की आतून थरथरायची. दोन खोल्यांच्या त्या घरात ती पाहुणी म्हणून आली होती, पण रुबाब घरमालकाचा होता.

ही खुर्ची कोणी विकत घेतलेली नव्हती. ती सुनेच्या कामातून आली होती. लहान घरात सामान कसं लावावं याचे व्हिडिओ ती बनवायची. सासूबाईंच्या आजारपणात तिने ऑफिस सोडलं होतं, आणि घरात राहून जमेल म्हणून हे सुरू केलं होतं. सासूबाई गेल्या, व्हिडिओ राहिले. आता एखादी कंपनी आपली वस्तू पाठवायची, सून ती घरात वापरून दाखवायची, आणि कंपनी त्याचा मोबदला द्यायची. आतापर्यंत आले होते भिंतीचे हुक, डबे आणि पायपुसणी. खुर्चीची कंपनी मात्र मोठी होती. एक छोटा व्हिडिओ आणि त्यानंतर एक तासाचं लाइव्ह नीट पार पडलं, तर वर्षभराचा करार होणार होता. नाही पडलं, तर जुन्या ऑफिसातल्या जुन्या साहेबाला फोन करायला लागणार होता, आणि "मी तेव्हाच म्हणालो होतो" हे वाक्य तो साहेब तोंडात तयार ठेवून बसला होता.

पण कंपनीला सुनेपेक्षा आप्पाच जास्त हवे होते.

त्याचं झालं होतं असं. मागे सुनेने कपाटावर एक व्हिडिओ केला. मेहनत घेऊन केला. पण तो चालू असताना आप्पा मागून सहा-सात वेळा गेले. एकदा हातात बादली, एकदा हातोडी, एकदा नुसतेच. लोकांनी कपाटाबद्दल अवाक्षर काढलं नाही. सगळ्यांचं एकच, की मागे फिरताहेत ते आजोबा कोण, त्यांना बसायला कोणी सांगत का नाही. पुढच्या व्हिडिओपासून लोक आप्पांची वाटच बघू लागले. कंपनीच्या साहेबाने ते पाहिलं आणि त्याच्या डोक्यात कल्पना आली, की हा माणूस जर आपल्या खुर्चीत एक तास निवांत बसला, तर दुसरी जाहिरात करायची गरजच नाही.

सुनेने हो म्हणून टाकलं. नवऱ्याने विचारलं की आप्पांना विचारलंस का. ती म्हणाली, "खुर्चीत बसायचं तर आहे, त्यात विचारायचं काय? जन्मभर स्टिअरिंगमागे बसलेच ना?"

जन्मभर बसले होते, खरं होतं. आजारपणातही बसले होते. बायकोच्या पलंगाशेजारी एक लोखंडी स्टूल असायचं, त्यावर. तिला झोप लागायची नाही, आणि लागलीच तर आप्पा हलले की मोडायची. म्हणून ते हलायचे नाहीत. पाय बधिर झाले तरी नाहीत. ती गेल्यावर पलंग घडी करून ठेवला, स्टूल गॅलरीत गेलं, आणि आप्पा उठले ते उठलेच. आता हललं तरी कोणाची झोप मोडत नव्हती. जेवायला बसले तर चार घासांनंतर मीठ आणायला उठायचे, मीठ समोर असलं तरी. घरात हे सगळ्यांना दिसत होतं, पण कोणी बोलत नव्हतं. बोलून करणार काय?

छोट्या व्हिडिओच्या दिवशी आप्पांच्या मुलाने मोबाइल स्टँडवर लावला. सुनेने आप्पांना इस्त्रीचा शर्ट दिला. करायचं एवढंच होतं, की खुर्चीत बसायचं, पाठ टेकायची आणि समाधानाने हसायचं. आप्पा बसले, टेकले आणि उठले.

"काय झालं?"

"नळ गळतोय."

नळ गळत होताच, तो नेहमीच गळायचा. आप्पा जाऊन घट्ट करून आले. पुन्हा बसले, तेव्हा दोरीवरचा टॉवेल पडेल असं त्यांना वाटलं. तिसऱ्यांदा त्यांनी चुकीचं बटण दाबलं, पाय वर आणि डोकं खाली अशा अवस्थेत खुर्ची अडकली, आणि आप्पा खुर्चीच्या हातावरून घसरत बाहेर पडले. मुलाला हसू आवरेना. मोबाइल हलला. सुनेने शर्टाची कॉलर परत नीट केली.

त्यातल्या त्यात बरा तुकडा कंपनीकडे गेला आणि परत आला. या कामाची हीच रीत होती. आपण पाठवायचं, त्यांनी परत पाठवायचं. निरोप आणायची ती कंपनीची एक मुलगी. ती सतत टॅक्सीत असायची, तिच्या फोनमध्ये कायम हॉर्न वाजायचे, आणि प्रत्येक वाक्याची सुरुवात "साहेबांचं म्हणणं असं" अशी व्हायची. साहेबांचं म्हणणं असं, की आजोबांच्या चेहऱ्यावर आराम दिसत नाही.

"चेहरा असाच आहे, म्हणावं," आप्पा आतून म्हणाले.

मग मुलाने तोडगा काढला, की आप्पांच्या हाताला काहीतरी काम द्यायचं म्हणजे ते बसतील. मटार सोलायला दिले. आप्पा खरंच बराच वेळ बसले. साहेबांचं म्हणणं असं आलं, की मटारचा हिरवा रंग कंपनीच्या निळ्याशी जुळत नाही. मग वर्तमानपत्र दिलं, तर मागच्या पानावर दुसऱ्याच कोणाच्या गाद्यांची जाहिरात निघाली. रेडिओ दिला, तर त्यावर रेडिओच्या कंपनीचं नाव. सुनेने नावावर चिकटपट्टी लावली. मग घड्याळावर लावली, पंख्यावर लावली, पाण्याच्या बाटलीवर लावली. संध्याकाळी आप्पांनी औषधाच्या बाटल्या उचलल्या तर त्यांच्यावरही पट्ट्या. कुठलं सकाळचं, कुठलं रात्रीचं, कळेना. त्यांनी त्या दिवशी दोन्ही घेतली नाहीत.

शेवटी साहेबांनी छोट्या व्हिडिओचा नाद सोडला आणि रविवारी संध्याकाळी थेट लाइव्हच करा म्हणाले. अटी दोन होत्या. एक म्हणजे बसायची दुसरी कुठलीही वस्तू दिसता कामा नये. आणि दुसरी, कंपनीचं माणूस तिथे हजर असेल, पण ते व्हिडिओत दिसता कामा नये. सगळं घरचं वाटलं पाहिजे.

रविवारी ती मुलगी आली. दार नसल्यामुळे थेट आतच आली, आणि बेल कुठे वाजवायची ते न कळून भिंतीवर टकटक केलं. फोनवर ती मोठी बाई वाटायची. प्रत्यक्षात विशी-बाविशीची, खांद्याला दोन बॅगा, हातात दोन फोन, दोन्ही चार्जिंगला लावायला जागा शोधणारी. सकाळपासून तिची ही चौथी जागा होती. एका घरी शाम्पू होता, तिथे पाणी गेलं. दुसरीकडे चपला होत्या, तिथे कुत्र्याने एक पळवली. तिसरीकडे काय झालं ते तिने सांगितलं नाही. आप्पांनी जेवलीस का विचारलं. ती म्हणाली, "हो हो, परवा," आणि मग स्वतःच्याच बोलण्याकडे तिचं लक्ष गेलं नाही.

तिला कंपनीत वर्ष होत आलं होतं. साहेब दुसऱ्या शहरात बसायचे. त्यांनी तिला कधी पाहिलं नव्हतं, कारण मीटिंगमध्ये तिचा कॅमेरा नेहमी बंद असायचा, टॅक्सी हलते म्हणून.

लाइव्ह सुरू झालं. सून हसून बोलू लागली, की अखेर आमचे आप्पा आज बसणार आहेत. लोक भराभर जमा झाले. आप्पा बसले. सून खुर्चीच्या कापडाबद्दल एक वाक्य बोलली. दुसरं बोलेपर्यंत आप्पा खिडकी लावायला उठले होते. परत बसले. वरच्या मजल्यावरचे गृहस्थ जिन्यातून डोकावून "वा, मोठी आहे हो" म्हणाले, त्यांना हात करायला आप्पा उठले. परत बसले. मग त्यांच्या लक्षात आलं की आलेल्या मुलीला कोणी पाणीसुद्धा दिलेलं नाही, म्हणून ते पाणी आणायला गेले आणि येताना नळ घट्ट करून आले. लाइव्हवर लोक पैजा लावू लागले होते, की आता ते कशासाठी उठतील. निम्मे म्हणत होते मांजर. घरात मांजर नव्हतं.

मुलीचा फोन थरथरत होता. साहेबांचे निरोप एकावर एक पडत होते. बसवा त्यांना. काय चाललंय. बसवा. मुलीने मुलाला खूण केली, मुलाने मोबाइल सुनेकडे वळवला, आणि सून भिंतीवरचे हुक दाखवत वेळ मारून नेऊ लागली. तेवढ्यात मुलगी आप्पांजवळ आली आणि हळू आवाजात विनवू लागली.

"आजोबा, काहीच करायचं नाही हो. काहीच न करणं एवढंच करायचं आहे."

"तेच तर जमत नाही, बाळ."

"असं बघा. असं टेकायचं." ती टेकली. "पाय असे वर घ्यायचे." बटण दाबलं, पाय वर गेले. "आणि डोळे..."

डोळे मिटले. पुढचं वाक्य आलं नाही.

आप्पा वाट बघत उभे राहिले. मुलगी शिकवता शिकवता झोपली होती, तीही अशी तशी नाही. तोंड किंचित उघडं, एक हात खाली लोंबलेला, आणि हातातला फोन अजून थरथरत होता.

इकडे हुक संपले. सुनेने मुलाला खूण केली, मुलाने मोबाइल परत खुर्चीकडे वळवला, आणि वळवल्यावर त्याला दिसलं की खुर्चीत आप्पा नाहीत. पण आता वळवून झालं होतं. सगळ्या लोकांनी ती मुलगी पाहिली होती. परत हुकांकडे जावं, तर लोक विचारणार, ती कोण. तिला उठवावं, तर कंपनीचं माणूस बोलताना दिसणार. सुनेचा चेहरा उतरला. तिच्या डोळ्यांसमोर जुना साहेब आला, तोंडातल्या वाक्यासकट. ती मुलीला हलवायला पुढे झाली.

आप्पांनी तिचा हात धरला. ओठांवर बोट ठेवलं.

मग त्यांनी मुलीच्या हातातला फोन अलगद काढून खिशात टाकला. पंखा एकने कमी केला. गॅलरीत गेले, लोखंडी स्टूल आवाज न करता उचलून आणलं, खुर्चीशेजारी ठेवलं आणि त्यावर बसले. हात मांडीवर, पाठ सरळ, नजर समोर.

सुनेने बोलायला तोंड उघडलं आणि मिटलं. बोललं तर ती जागी होणार. मुलगा श्वास रोखून मोबाइल धरून उभा. लाइव्ह चालू होतं आणि त्यात काहीच घडत नव्हतं. लोकही लिहायचे थांबले. मग कोणीतरी लिहिलं, हळू. दुसऱ्याने लिहिलं, आवाज करू नका. लिहिण्याला आवाज नसतो, हे कोणाच्या ध्यानात आलं नाही.

स्वयंपाकघरात नळ गळू लागला. टप. सुनेने आप्पांकडे पाहिलं. टप. आप्पांच्या गालावरची शीर हलली, पण आप्पा हलले नाहीत. त्यांनी फक्त दोन बोटांनी सुनेला नळाकडे जायची खूण केली. ती चवड्यांवर गेली आणि नळ घट्ट करून आली. वरचे गृहस्थ भाजी घेऊन वर चढत होते. ते दारातून डोकावले, "वा, मो..." इतकं म्हणाले, तेवढ्यात आप्पांनी त्यांच्याकडे पाहिलं. बसमध्ये चालू गाडीतून उतरणाऱ्याकडे ते आरशातून बघत, तसं. गृहस्थांनी चपला हातात घेतल्या आणि पुढचा जिना अनवाणी चढले.

मध्येच मुलीने कूस बदलली, हात आपोआप फोन शोधू लागला. आप्पांनी तिच्या हाताखाली खुर्चीतलीच उशी सरकवली. ती परत शांत झाली. सून भिंतीला टेकून हे बघत होती. हे तिने आधीही पाहिलं होतं, याच हॉलमध्ये, याच स्टुलावर. तिने डोळे पुसले आणि मग मोबाइलकडे पाठ केली, कारण लाइव्हमध्ये रडायचं कुठल्याच अटीत नव्हतं.

तास झाला. मुलाने लाइव्ह बंद केलं आणि खाली बसून हात झटकू लागला.

"आप्पा, संपलं," सून कुजबुजली. "उठा आता."

"तिची झोप होऊ दे."

पण आप्पांच्या खिशातला फोन या वेळी थरथरला नाही, वाजला. मुलगी ताडकन उठायला गेली, पाय वर असल्यामुळे तिला उठता आलं नाही, आणि तशीच उताणी तिने एकेकाच्या चेहऱ्याकडे बघून काय झालं ते ओळखलं.

"मी दिसले?"

मुलाने मान डोलावली.

"किती वेळ?"

"सगळा," मुलगा म्हणाला.

"गेली नोकरी," ती म्हणाली. आवाजात रडू नव्हतं. झोपेतून उठल्यावर असतं तेवढंच काय ते होतं.

फोन वाजतच होता. तो घ्यायची हिंमत ना तिला होती ना मुलाला. शेवटी सुनेने आप्पांच्या खिशातून काढला आणि घेतला. साहेबांचा आवाज इतका मोठा होता की सगळ्यांना ऐकू आलं.

साहेब खूश होते. खूश म्हणजे किती, ते त्यांनाच सांगता येत नव्हतं. इतकी वर्षं त्यांनी खुर्च्या विकल्या, पण खुर्चीत अशी झोप घेणारी मॉडेल त्यांना मिळाली नव्हती. काय तो थकवा, काय ते उघडं तोंड. कुठून शोधून आणली, असं ते विचारत होते. करार पक्का, फक्त वर्षभर तीच मुलगी हवी. आणि ते आजोबा शेजारी. आणि आमची मॅनेजर कुठे आहे, तासभर तिने एक निरोप वाचलेला नाही, तिला जरा द्या.

सुनेने मुलीकडे पाहिलं. मुलगी उताणीच मान हलवून नको नको म्हणत होती.

"त्या आत्ताच निघाल्या," सून म्हणाली. "टॅक्सीत असतील. उद्या बोलतील."

"बरं. आणि एक. ते लोखंडी स्टूल तेवढं पुढच्या वेळी काढा. आपलं नाही ते."

एवढे दिवस सुनेने साहेबांच्या प्रत्येक म्हणण्याला हो म्हटलं होतं. मटार परत पिशवीत घातले होते, अख्ख्या घराला चिकटपट्ट्या लावल्या होत्या. तिने स्टुलाकडे पाहिलं. आप्पा त्याच्यावर बसलेच होते. सांगावं लागलं नव्हतं, विनवावं लागलं नव्हतं, आणि तास उलटून गेला तरी ते उठले नव्हते.

"स्टूल राहील, साहेब," ती म्हणाली. "ते नसेल तर आमच्याकडून नको."

मुलाने डोकं गुडघ्यांत घातलं. मग साहेब म्हणाले की ठीक आहे, निदान त्याच्यावर काहीतरी निळं टाका.

फोन ठेवल्यावर मुलीने हुश्श केलं. मग तिच्या लक्षात आलं, की आता साहेबांना ती मॉडेलही शोधून द्यायची आहे आणि ते काम तिच्याकडेच येणार आहे. ती हसायला लागली, हसता हसता तिला जांभई आली, आणि जांभई देता देता तिने भीत भीत विचारलं, "आजोबा, अजून पाच मिनिटं पडू का?"

"पड. मी आहे इथे."

तिने डोळे मिटले. मुलगा दार कसं बसवायचं ते बघायला बिजागऱ्या शोधू लागला, त्याला आप्पांनी हातानेच थांबवलं. हातोडी उद्या. घर शांत झालं. खुर्ची मंद थरथरत होती, कोणाचा तरी कोपर बटणावर होता.

टप. आतून आवाज आला. टप.

"सूनबाई," आप्पा अगदी हळू म्हणाले, "तेवढा नळ बघ गं. मला आत्ता उठता येत नाही."